विश्लेषण : कोबी, मुळा, हळीव आणि मोहरी एकाच घरातले! मग लोणखेड्याच्या रब्बीत मोहरीला जागा का नाही?

फोडणीत रोज तडतडणारी मोहरी शहादा तालुक्याच्या शिवारात मात्र क्वचितच दिसते. खाद्यतेलाचे भाव वाढले की मोहरीची चर्चा होते आणि पेरणीची वेळ आली की गहू-हरभराच पेरला जातो. मोहरी, रेपसीड आणि कॅनोला यांत फरक काय? मोहरीच्या तेलाबद्दल वाद का? आणि कमी पाण्यात येणारे हे पीक तापीखोऱ्यात परवडेल का? समजून घेऊया.

शहाद्याला खेटून असलेल्या लोणखेड्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावले, तर एकाच वनस्पती कुळातले चार-पाच सदस्य सहज सापडतात. मिसळणाच्या डब्यात मोहरी, भाजीच्या टोपलीत पत्ताकोबी आणि फुलकोबी, हिवाळ्यात मुळा आणि त्याच्या डिंगऱ्या. घरात बाळंतीण असेल तर हळिवाचे लाडू. दिसायला, चवीला यातले एकही दुसऱ्यासारखे नाही. तरी वनस्पतिशास्त्रानुसार ही सगळी एकाच घरातली भावंडे आहेत.

ही माहिती केवळ प्रश्नमंजूषेपुरती नाही. कोणते पीक कोणाच्या नात्यातले, हे कळले की कोणती कीड कुठून कुठे जाईल, कोणत्या पिकानंतर कोणते पीक घेऊ नये, आणि देशात ज्यावरून न्यायालयात लढाई सुरू आहे ती जीएम मोहरी म्हणजे काय, हेही कळते. ऊस, केळी, पपई आणि कापसाच्या या पट्ट्यात विहिरी-बोअरच्या पाण्याचा हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. त्यामुळे कमी पाण्याच्या तेलबियांचा प्रश्न इथे थेट खिशाशी जोडलेला आहे.

मोहरीचे कुळ नेमके किती मोठे?

या कुळाला वनस्पतिशास्त्रात 'ब्रासिकेसी' म्हणतात. त्यात सुमारे ३७० प्रजाती आणि चार हजारांच्या आसपास जाती आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. फुलाला चारच पाकळ्या असतात आणि त्या अधिकच्या चिन्हासारख्या समोरासमोर असतात. मुळ्याला फूल आले की किंवा शेतात राहून गेलेल्या कोबीला तुरा आला की हे स्वतः पाहता येते. जपानी जेवणातला नाकाला झिणझिण्या आणणारा वसाबीही याच कुळातला. जगात ज्या वनस्पतीचा संपूर्ण जनुकीय आराखडा सर्वांत आधी, म्हणजे २००० मध्ये प्रसिद्ध झाला, ती 'अ‍ॅराबिडॉप्सिस' नावाची इवलीशी रोपटीही याच घरातली.

या कुळातला सर्वांत चमत्कारिक प्रकार म्हणजे 'ब्रासिका ओलेरेशिया'. पत्ताकोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल, केल या पाच वेगवेगळ्या भाज्या नसून एकाच जातीची पाच रूपे आहेत. शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे निवड करताना कुठे पानांचा गड्डा वाढवला, कुठे फुलोरा, तर कुठे खोड. नवलकोलाचा गोळा म्हणजे फुगलेले खोड आणि फुलकोबीचा गड्डा म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचा गठ्ठा. फुलकोबीचे बी भारतात १८२२ मध्ये इंग्लंडच्या क्यू उद्यानातून सहारनपूरला आले, अशी नोंद आहे. म्हणजे आज लग्नाच्या पंगतीत हमखास असणारी ही भाजी जेमतेम दोनशे वर्षांची पाहुणी आहे.

मोहरी, रेपसीड, कॅनोला : एकच की वेगवेगळे?

सरकारी आकडेवारीत 'रेपसीड-मोहरी' असा एकत्र रकाना असतो, त्यामुळे गोंधळ होतो. तो सोडवायला १९३५ मध्ये मांडलेला एक त्रिकोण उपयोगी पडतो. कोरियन वंशाचे, जपानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ वू जांग-चुन यांनी तो मांडला. जपानीत त्यांचे नाव नागाहारू उ असे असल्याने त्याला 'उ यांचा त्रिकोण' म्हणतात.

त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन मूळ जाती आहेत.

- ब्रासिका रापा (१० गुणसूत्र जोड्या) : सलगम, चायनीज कोबी, तोरिया आणि पिवळी सरसों
- ब्रासिका नायग्रा (८ जोड्या) : काळी मोहरी
- ब्रासिका ओलेरेशिया (९ जोड्या) : कोबी, फुलकोबी आणि मंडळी

या तिघांच्या निसर्गतः झालेल्या संकरांतून आणखी तीन जाती जन्मल्या. रापा आणि नायग्रा मिळून १० अधिक ८, म्हणजे १८ जोड्यांची 'ब्रासिका जुन्सिया'. हीच आपली राई, म्हणजे भारतीय मोहरी. रापा आणि ओलेरेशिया मिळून १९ जोड्यांची 'ब्रासिका नॅपस', म्हणजे युरोप-कॅनडातले रेपसीड. तिसरी १७ जोड्यांची 'ब्रासिका कॅरिनाटा', म्हणजे इथिओपियन मोहरी. उ यांनी प्रयोगात रापा आणि ओलेरेशिया यांचा संकर घडवून नॅपस तयार करून दाखवली, म्हणून हे गणित नुसते कागदावर राहिले नाही.

थोडक्यात, रेपसीड हे अर्धे सलगम आणि अर्धी कोबी आहे. आपली राई अर्धे सलगम आणि अर्धी काळी मोहरी. दोघींचा एक पालक समान, म्हणजे त्या सावत्र बहिणी.

कॅनोला ही वेगळी जात नाही. ते रेपसीडचे सुधारित रूप आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात रेपसीडचे तेल वाफेवर चालणाऱ्या जहाजांच्या इंजिनांना वंगण म्हणून लागायचे. युद्ध संपले आणि मागणी आटली. तेल खाण्यायोग्य करायचे तर त्यातले 'एरुसिक आम्ल' आणि पेंडीतली 'ग्लुकोसिनोलेट' ही तिखट द्रव्ये कमी करणे भाग होते. कीथ डाउनी आणि बाल्डर स्टेफान्सन या शास्त्रज्ञांच्या कामातून ते साधले. १९७४ मध्ये स्टेफान्सन यांचे 'टॉवर' हे दोन्ही घटक कमी असलेले वाण आले. पुढे अशा वाणांना 'कॅनोला' हे नाव मिळाले. तेलात एरुसिक आम्ल २ टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ते कॅनोला.

मोहरी वाटली की झणझणते, फोडणीत का नाही?

हा प्रश्न स्वयंपाकघरातला असला तरी उत्तर रसायनशास्त्राचे आहे. मोहरीचा अख्खा दाणा हुंगला तर वास जवळपास येत नाही. दाण्यात 'ग्लुकोसिनोलेट' एका कप्प्यात आणि 'मायरोसिनेज' नावाचे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. दाणा फुटला आणि पाणी लागले की दोघांची गाठ पडते आणि 'आयसोथायोसायनेट' हे डोळ्यांतून पाणी काढणारे द्रव्य तयार होते. म्हणून कैरीच्या लोणच्यासाठी किंवा कोशिंबिरीसाठी मोहरी थोड्या पाण्यात फेसून घेतात.

फोडणीत उलटे होते. तापलेल्या तेलात विकर काही क्षणांत निकामी होते. तिखटपणा तयारच होत नाही, उरतो तो फक्त खमंगपणा. मोहरी गार पाण्यात फेसावी, गरम पाण्यात नाही, या घरोघरच्या सल्ल्यामागे हेच कारण आहे.

झाडाच्या दृष्टीने ही संरक्षणाची यंत्रणा आहे. अळीने पान कुरतडले की दोन कप्पे फुटतात आणि अळीच्या तोंडात तिखट द्रव्य तयार होते. मात्र काही किडींनी यावर मात केली आहे. मोहरीवरचा मावा आणि कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग यांना हाच वास 'जेवण इथे आहे' असे सांगतो. शेतकऱ्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे. त्याविषयी पुढे येईलच.

मोहरीचे तेल खाण्यास सुरक्षित आहे का?

पारंपरिक भारतीय मोहरीच्या तेलात एरुसिक आम्लाचे प्रमाण साधारण ४० ते ५० टक्के असते. उंदरांवरच्या प्रयोगांत या आम्लामुळे हृदयाच्या स्नायूंत चरबी साठल्याचे आढळले आणि त्यावरून पाश्चात्त्य देशांनी मर्यादा घातल्या. अमेरिकेत मोहरीचे तेल खाद्यतेल म्हणून विकण्यास परवानगी नाही, तिथल्या बाटल्यांवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असे छापलेले असते. दुसरीकडे बंगाल, बिहार, राजस्थान, उत्तर प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या हेच तेल स्वयंपाकात आहे. उंदरांत दिसलेला परिणाम माणसांत तसाच होतो, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. या तेलात ओमेगा-३ गटातले मेदाम्लही असते, ही त्याची जमेची बाजू.

भारतीय शास्त्रज्ञांनीही कमी एरुसिक आम्लाची वाणे तयार केली आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा डबल झिरो मस्टर्ड ३१' हे एरुसिक आम्ल आणि ग्लुकोसिनोलेट दोन्ही कमी असलेले भारतीय मोहरीचे वाण आहे. पंजाबात कॅनोला गुणवत्तेची गोभी सरसों पिकवली जाते.

प्रत्यक्षात मोठा धोका भेसळीचा ठरला आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्याने 'ड्रॉप्सी'ची साथ पसरली. पायांवर सूज, धाप, हृदयावर ताण अशी लक्षणे घेऊन रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले आणि ६० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. पिवळा धोत्रा आपल्याकडे बांधावर, पडीक जमिनीत आणि रस्त्याकडेला सर्रास उगवतो. काटेरी पाने, पिवळी फुले आणि मोहरीसारखे काळपट बारीक बी ही त्याची ओळख. मोहरी पेरणाऱ्याने ही झाडे बी धरण्याआधी उपटलीच पाहिजेत.

पूर्वी मोहरीच्या तेलात ठरावीक प्रमाणात दुसरे खाद्यतेल मिसळून विकण्याची मुभा होती. ८ जून २०२१ पासून देशात मोहरीच्या तेलाचे असे मिश्रण बंद करण्यात आले.

देशाला मोहरी का हवी आहे?

भारत आपल्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून आणि सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून येते. वर्षाची आयात दीड कोटी टनांच्या घरात असते. त्यामुळे काळ्या समुद्रात युद्ध पेटले की शहाद्याच्या किराणा दुकानातला तेलाचा डबा महागतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तेलबियांसाठीच्या राष्ट्रीय खाद्यतेल अभियानाला मंजुरी दिली. तरतूद १०,१०३ कोटी रुपयांची आहे. तेलबियांचे उत्पादन २०२२-२३ मधील ३९० लाख टनांवरून २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. मोहरीचे देशातले उत्पादन १३० लाख टनांच्या आसपास असून त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या राजस्थानचा आहे. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि हरियाणा त्यानंतर येतात. मोहरीवरची देशातली मुख्य संशोधन संस्थाही राजस्थानात, भरतपूरजवळच्या सेवर इथे आहे.

२०२६-२७ च्या रब्बी विपणन हंगामासाठी मोहरीचा हमीभाव क्विंटलला ६,२०० रुपये आहे. तुलनेसाठी गहू २,५८५, हरभरा ५,८७५ आणि करडई ६,५४० रुपये.

मग लोणखेड्यात मोहरी का पेरली जात नाही?

पहिले कारण हवामान. मोहरीला थंडी लांब हवी. राजस्थानात नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशी सलग थंडी मिळते. तापीखोऱ्यात ऑक्टोबरमध्ये ऊन तापते आणि फेब्रुवारीत दुपारचा पारा पुन्हा तिशी ओलांडतो. लवकर पेरावे तर उगवणीला उन्हाचा फटका, उशिरा पेरावे तर दाणे भरताना उष्णता. थंडीची खिडकी दोन्ही बाजूंनी अरुंद आहे. सातपुड्याच्या वरच्या भागात, तोरणमाळच्या दिशेने थंडी जास्त असते. पण तिथे सिंचन आणि बाजार दोन्ही दूर.

दुसरे कारण पीकपद्धती. मोहरीच्या पेरणीची योग्य वेळ ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. त्या वेळी कापूस शेतात उभा असतो आणि वेचणी सुरू असते. ऊस, केळी आणि पपई तर वर्षभर जागा अडवतात. म्हणजे मोहरीला जागा मिळते ती फक्त मूग, उडीद, सोयाबीन किंवा मका निघालेल्या शेतात. तिथेही गहू आणि हरभरा आधीच रांगेत असतात.

तिसरे कारण बाजार. मोहरीची सरकारी खरेदी मुख्यतः उत्तरेकडच्या उत्पादक राज्यांत होते. हमीभाव कागदावर देशभर एकच असला तरी खरेदी केंद्र जवळ नसेल तर व्यापारी देईल तोच भाव. पाच-सात क्विंटल माल घेऊन दूरच्या बाजारात जाणे गाडीभाड्यातच परवडत नाही.

चौथे कारण चारा. गव्हाचा भुसा, ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचे कुटार जनावरांच्या कामी येते. मोहरीच्या वाळक्या काड्या जनावरे खात नाहीत, त्या चुलीतच जातात. दावणीला जनावरे असलेल्या घरात हा तोटा छोटा नाही.

पाचवे कारण जिभेचे. खान्देशात भाजीला शेंगदाणा, सोयाबीन किंवा सरकीचे तेल चालते. भरताला किंवा शेवभाजीला मोहरीच्या तेलाचा झणका फारसा कुणाला रुचत नाही. स्थानिक घाणीवाल्याकडेही मागणी नसते. म्हणूनच महाराष्ट्रात मोहरी बहुधा गहू-हरभऱ्याच्या कडेने, घरच्या डब्यापुरतीच टाकली गेली.

विदर्भात काय वेगळे घडते आहे?

महाराष्ट्रात मोहरीचा गंभीरपणे विचार झाला तो पूर्व विदर्भात. तिथे धान निघाल्यावर बरीच शेते रब्बीत रिकामी राहतात आणि नागपूर-भंडारा भागात थंडीही बऱ्यापैकी पडते. मोहरीला जागा आणि हवामान दोन्ही मिळते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि मुंबईच्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी संयुक्तपणे 'टीएएम १०८-१' हे वाण विकसित केले. २०२१ मध्ये ते महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले.

अणुसंशोधन केंद्राचा मोहरीशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. बियांवर गॅमा किरणांचा मारा केला की जनुकांत लहान-मोठे बदल होतात. त्यातली बहुतेक रोपे निरुपयोगी निघतात, मात्र एखादे लवकर पक्व होणारे किंवा जास्त दाणे धरणारे सापडते. अशा निवडीतून ट्रॉम्बेने भुईमूग, तूर, मूग यांचीही वाणे दिली आहेत. यात बाहेरचे जनुक घातलेले नसते, त्यामुळे ही वाणे जीएम ठरत नाहीत.

मात्र विदर्भाचे यश तापीखोऱ्यात जसेच्या तसे उचलता येणार नाही. तिथे मोहरीची स्पर्धा रिकाम्या शेताशी आहे. लोणखेड्यात ती गहू-हरभऱ्याशी आहे.

पाण्याचे आणि पैशांचे गणित काय सांगते?

देशातली मोहरीची सरासरी उत्पादकता हेक्टरी साधारण साडेचौदा क्विंटल आहे, म्हणजे एकरी सुमारे ५.८ क्विंटल. हमीभाव मिळाला असे धरले तर एकरी जवळपास ३६ हजार रुपये हातात येतात. गव्हाचे एकरी १५ क्विंटल धरले तर ३८,७७५ रुपये. हरभऱ्याचे एकरी ७ क्विंटल धरले तर ४१,१२५ रुपये. ही फक्त विक्रीची बेरीज आहे, खर्च वजा केलेला नाही. जमीन आणि पाण्यानुसार प्रत्येकाचा आकडा बदलेल.

आता पाणी. गव्हाला मध्यम ते भारी जमिनीत पाच-सहा पाळ्या लागतात, मोहरी दोन-तीन पाळ्यांत येते. गव्हाशी तुलना केली तर पैसे थोडे कमी आणि पाणी निम्मे, असा सौदा आहे. विहीर जानेवारीतच उपसा सोडत असेल, तर तो वाईट नाही.

पण मोहरीचा खरा प्रतिस्पर्धी गहू नसून हरभरा आहे. हरभरा एक-दोन पाण्यांत येतो, जमिनीत नत्र सोडतो, कुटार देतो आणि जवळच्या बाजार समितीत विकला जातो. लोणखेड्याच्या शेतकऱ्याने मोहरी बाजूला ठेवली, ती हा हिशेब करूनच. ज्या शेतात हरभऱ्यावर सतत मर रोग येतो, तिथे मात्र मोहरी हा फेरपालटीचा एक पर्याय ठरू शकतो.

भावाची जोखीमही लक्षात घ्यावी लागेल. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले आणि ३० मे २०२५ रोजी मूळ शुल्क २० वरून पुन्हा १० टक्क्यांवर आणले. शुल्क घटले की ग्राहकाला दिलासा मिळतो, पण तेलबियांच्या भावावर दबाव येतो. एका हंगामात पेरायचे आणि दुसऱ्या धोरणात विकायचे, अशी ही कसरत आहे.

पेरून पाहायचीच असेल तर काय लक्षात ठेवावे?

- वेळ : ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. पारा थोडा उतरल्यावर, वाफशावर पेरणी.
- बियाणे : एकरी दीड ते दोन किलो पुरते. बी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल नको.
- विरळणी : एक किलोत साधारण दोन लाख बिया असतात. म्हणजे दोन किलोत चार लाख. ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतर धरले तर एकरात सुमारे ६० हजार झाडेच बसतात. म्हणून पेरणीनंतर १५-२० दिवसांनी विरळणी टाळता येत नाही आणि मजुरीचा हा खर्च आधीच धरावा लागतो.
- पाणी : फुलोऱ्यापूर्वी आणि शेंगा भरताना या दोन वेळा चुकवू नयेत. भारी काळ्या जमिनीत पाणी साचू देऊ नये.
- गंधक : तेलबिया असल्याने गंधकाची गरज जास्त. माती परीक्षणानुसार मात्रा द्यावी.
- मावा : ढगाळ हवेत झपाट्याने वाढतो. फवारणी करायची तर संध्याकाळी, कारण दिवसा फुलांवर मधमाश्या असतात आणि त्यांच्यामुळे दाणे वाढतात.
- काढणी : तीन-चतुर्थांश शेंगा पिवळ्या झाल्या की सकाळच्या दवात कापणी. ऊन चढल्यावर शेंगा तडकून बी शेतातच सांडते.

वाणाची निवड आणि खतांची मात्रा यासाठी कृषी विज्ञान केंद्राचा किंवा कृषी सहायकाचा सल्ला घेणे उत्तम.

कोबीच्या शेतात मोहरी कशासाठी?

तेलासाठी मोहरी परवडो न परवडो, भाजीपाला पिकवणाऱ्यांना तिचा वेगळा उपयोग आहे. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबी-फुलकोबी पोखरतो आणि अनेक कीटकनाशकांना दाद देत नाही. या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी अधिक आवडते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने यावरून सापळा पिकाची पद्धत सांगितली. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. एक ओळ कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरायची. पतंग मोहरीवर अंडी घालतात आणि फवारणी तेवढ्या ओळींपुरती मर्यादित ठेवता येते.

इथे एक सावधगिरी हवी. मोहरीच्या ओळींवरची कीड वेळीच मारली नाही, तर त्याच ओळी किडीचे माहेर ठरतात. शिवाय कोबीनंतर लगेच मोहरी किंवा मुळा घेणे म्हणजे फेरपालट नव्हे. पीक बदलले तरी कुळ तेच राहते आणि रोग-किडींना जेवणाचे ताट तसेच मांडलेले मिळते. कोबीनंतर हरभरा, मका किंवा कांदा घेतला तर साखळी तुटते.

जीएम मोहरीचे काय झाले?

मोहरीच्या फुलात परागण बहुतांशी स्वतःच होते, त्यामुळे संकरित बियाणे करणे अवघड. दिल्ली विद्यापीठातील प्रा. दीपक पेंटल यांच्या गटाने 'डीएमएच-११' तयार करताना मातीतल्या जिवाणूंची जनुके वापरली. 'बार्नेज' हे जनुक एका पालकाचे परागकण निकामी करते, 'बारस्टार' संकरित पिकात ते पुन्हा सुरू करते आणि 'बार' हे जनुक एका तणनाशकाला सहनशीलता देते. 'वरुणा' या प्रचलित वाणापेक्षा सुमारे २८ टक्के जास्त उत्पादनाचा दावा चाचण्यांच्या आधारे करण्यात आला.

जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने १८ ऑक्टोबर २०२२ च्या बैठकीत पर्यावरणीय प्रसारणाची शिफारस केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जुलै २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. संजय करोल यांच्या खंडपीठाने विभाजित निकाल दिला. मंजुरी रद्द व्हावी, असे एका न्यायमूर्तींचे मत होते आणि अटींसह चाचण्या व्हाव्यात, असे दुसऱ्यांचे. जीएम पिकांबाबत राष्ट्रीय धोरण आखावे, यावर मात्र दोघांचे एकमत झाले.

विरोधकांचे मुख्य आक्षेप तणनाशकाचा वाढता वापर आणि मधमाश्यांवरचा परिणाम हे आहेत. समर्थकांना आयात घटण्याची आशा आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर आलेली तेजी आणि नंतर गुलाबी बोंडअळीने केलेले नुकसान, दोन्ही पाहिलेल्या खान्देशातल्या कापूस उत्पादकाला या वादाच्या दोन्ही बाजू वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

पुढे काय?

लोणखेड्यात उद्या मोहरीची पिवळी शेते दिसतील, असे आजचे गणित सांगत नाही. त्यासाठी लवकर पक्व होणारे आणि उष्णता सोसणारे वाण, जवळचे खरेदी केंद्र आणि स्थानिक घाणी, या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतील. यातली एक जरी कमी पडली तरी हरभराच जिंकेल.

तोवर पाच गुंठ्यांचा प्रयोग मात्र कुणालाही करता येण्याजोगा आहे. देशाच्या सरासरीने पाच गुंठ्यांत साधारण ७० ते ७५ किलो मोहरी होते. घाणीवर काढली तर तिचे २५ किलोच्या आसपास तेल आणि उरलेली पेंड. तेल जिभेला रुचले नाही तरी आपल्या जमिनीत, आपल्या थंडीत आणि आपल्या विहिरीच्या पाण्यात हे पीक किती उतरते, याचा आकडा हाती येतो. राजस्थानच्या सरासरीपेक्षा पुढच्या रब्बीचा निर्णय घेताना तोच आकडा अधिक कामाचा.

आणि डब्यातली मोहरी? तिच्यासाठी तर बांधाच्या कडेची एक ओळही वर्षभर पुरून उरते.